सगळ्यांच्या बेटाचा पूल

वेडमटोला, तालुका अहेरी
१२ जानेवारी २०२५

चंदन,

तुझं पत्र ग्रामसभेत वाचलं. उभं राहून, मोठ्याने. तू विचारशील, फोन का नाही केला? टेकडीवर चढून फोन लावला की तू "बाई, आवाज तुटून राह्यला" म्हणतोस आणि माझं अर्धं वाक्य तिथेच मोहाच्या फांदीला लटकतं. कागदावरचं वाक्य तुटत नाही. शिवाय गाव आपल्या पोराला काय देतंय, ते लिहिलेलं असावं.

तर ऐक. नाल्याकाठच्या बेटाचा बांबू तुला द्यायचं ठरलं.

तू याच मातीतला आहेस, तरी सांगते, कारण शहरात गेलं की माणूस आधी हेच विसरतो. जंगलातला बाकीचा बांबू आपण तोडतो, विकतो, त्यावर ग्रामसभा चालवतो. बांबूचं हे बेट सगळ्यांचं. लग्नाच्या मांडवाला आणि मयताला तेवढा इथला बांबू निघतो. घराच्या कुडाला इथली काडी आजवर कोणी नेली नाही. तू लिहिलंस की जुना, पक्का, सरळ बांबू पाहिजे, आणि तसा तो फक्त याच बेटात आहे. म्हणून जंगूकाका आधी अडून बसला. तो भूमिया, गावाची पूजा त्याच्या हातची, त्याचा शब्द वजनाचा.

"पोट्ट्याच्या परीक्षेसाठी सगळ्यायचं बेट तोडाचं? मंग उद्या पिंटूच्या गाडीले जॅक नसन तर देवाचं झाड लावा खाली!"

पिंटू म्हणाला, "काका, जॅक हाये माह्याजवळ. चाकच नाई."

हसू ओसरल्यावर मी बोलले. मी म्हटलं, नाला भरला की शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, रेशन पलीकडे, आणि आपण अलीकडे. चार महिने देशाच्या नकाशातून पुसलेले. किती साहेबांना पुष्पगुच्छ दिले, किती जणांनी नाल्यात उभं राहून फोटो काढले! आता आपल्याच घरातला मुलगा पूल बांधायला शिकतोय आणि आपल्या नाल्याच्या मापाचा पूल करतोय. जे सगळ्यांच्या पायाखाली येणार, त्याला सगळ्यांचं बेट द्यायचं नाही, तर कोणाला द्यायचं?

जंगूकाकाने डोक्यावरचा पटका सारखा केला. मग म्हणाला, "पूल होत असन तर ने म्हणा. माह्या मयताले दोन बांबू ठेवजा म्हणजे झालं."

तुझी आई, आमची बुधरीकाकू, मागे बसून ऐकत होती. ती रोज नाला ओलांडून आश्रमशाळेत स्वयंपाकाला जाते. गेल्या श्रावणात पाण्याने तिला पार वळणापर्यंत नेलं होतं; बाभळीचं मूळ हाती लागलं म्हणून आज ती आहे. सभा उठल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "पाण्याच्या आधी होईन का, इचार त्याले."

म्हणून विचारते. पावसाआधी होईल का?

तुझी
दीपिकाबाई


विद्यापीठ वसतिगृह
२ फेब्रुवारी २०२५

बाईला नमस्कार,

तुझं पत्र आमच्या गटाला वाचून दाखवलं. आदेश म्हणाला, "तुमच्याकडे पत्रातही सभा भरते का रे?" मी म्हटलं, आमची बाई पोळी मागितली तरी आधी प्रस्ताव मांडते.

गावाने बांबू दिला हे ऐकून कोतपल्लीवार सर खूश झाले. हा विषय तेच शिकवतात. संमिश्र रचनांचं विश्लेषण आणि आराखडा, असं त्याचं लांबलचक नाव आहे. गावात कोणी विचारलं तर असं सांग: दोन वेगळ्या वस्तू अशा जोडायच्या की एकेकीला जे झेपत नाही ते दोघींना मिळून झेपावं. बांबूच्या धाग्यात विलक्षण जोर आहे, पण लांबीच्या दिशेने. आडवा ताण आला की तो चिरत जातो. म्हणून त्याच्या पातळ कामट्या काढायच्या आणि थर रचायचे. एक थर सरळ, दुसरा तिरका, तिसरा त्याच्या उलट तिरका. मध्ये रेझिन, म्हणजे वाळल्यावर दगडासारखा होणारा चिकट रस. वरून काचेच्या धाग्याचं कापड. कोणत्या थरावर किती ताण येईल, कोणता थर आधी दगा देईल, हे सगळं आम्ही आधी गणिताने काढतो.

नाल्याच्या अरुंद जागेचं माप पुन्हा घेऊन पाठव. खऱ्या जागेचं माप असलं की प्रकल्पाला वजन येतं. कामट्या गावातच निघाल्या तर बरं; बायकांच्या हाताला जी जाडी सहज येते ती आमच्या यंत्राला येत नाही.

आईला सांग, काम मेच्या मध्यापर्यंत पूर्ण होतं. पाऊस त्याच्या नंतर.

तुझा
चंदन


वेडमटोला
१० मार्च २०२५

चंदन,

बांबू गेला. ट्रक वळणाआड होईपर्यंत जंगूकाका रस्त्यात उभा होता. तोडण्याआधी त्याने बेटापुढे तांदूळ ठेवले, कोंबडं दिलं आणि गोंडीत बेटाला समजावून सांगितलं की हे सगळ्यांसाठी चाललंय, राग धरू नको. बांबू न्यायला आलेली तुझ्या गटातली मुलं फोनवर ते चित्रित करत होती. एकीने विचारलं, "काका पुन्हा एकदा करतील का? अँगल नीट आला नाही." काकाने विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, तिला फार आवडलं. एवढं खोटं मी गावाशी बोलले. तुझ्यासाठी.

कामट्या काढायला सगळ्या आल्या. आदेशने हातमोजे मागितले तेव्हा बुधरीकाकू म्हणाली, "लगीन हाये काय बापा तुहं? हळद लागली का हाताले?" तो बिचारा दिवसभर मोज्यांशिवाय बसला आणि संध्याकाळी बोटं फुंकत गेला. पण पोरगा चांगला. जाताना काकूच्या पाया पडला. काकूने त्याच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाली, "चंदनले सांगजो, जेवत जाय."

आता एक गोष्ट तुला न विचारता केली आहे. रागावू नकोस. पूल हवेत तर उभा राहत नाही. म्हणून दोन्ही काठांना दगडाचे पाये बांधले. तू पाठवलेल्या चित्रात पुलाची टोकं जेवढ्या उंचीवर होती तेवढेच उंच. प्रत्येक घरातून एक माणूस आला. पिंटूने सिमेंट आणलं. मडकं फोडून, गूळ वाटून काम संपवलं.

तू ये आणि पूल ठेव. तेवढंच राहिलं आहे.

दीपिकाबाई


विद्यापीठ वसतिगृह
६ एप्रिल २०२५

बाई,

उशीर झाला. दिवसाचे सगळे तास प्रयोगशाळेतच जातात.

पाये इतक्यात बांधायला नको होते. इथली कामं आपल्या हिशोबाने चालत नाहीत. आता बांधलेच आहेत तर असू देत.

पूल तयार झाला आहे. तू पाहिलास तर बोलणं विसरशील, आणि तसं आजवर झालेलं नाही. साच्यातून बाहेर काढला तेव्हा मधासारखा रंग होता. आमच्या वर्गात कोणाचं पंख्याचं प्लॅस्टिकचं पातं आहे, कोणाची सळई आहे. माणूस चालू शकेल असं काम फक्त आमच्या गटाचं. गटाचा प्रमुख मी आहे. सर विभागप्रमुखांना घेऊन आले आणि म्हणाले, "या मुलाच्या गावाचं मटेरियल आहे." मटेरियल म्हणाले, पण चांगल्या अर्थाने.

१५ मेला अंतिम चाचणी आहे. तुम्ही कोणी येण्याची गरज नाही. ऊन फार असतं, अंतर फार आहे, आत बसायला जागाही नसते. झालं की मी कळवतोच.

आईच्या पायाची भेग बरी झाली का?

चंदन


वेडमटोला
२५ एप्रिल २०२५

चंदन,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला एकच दिसलं. तुला आमची लाज वाटते. मोठ्या इमारतीत जंगूकाका पटका बांधून येईल, काकू चप्पल दाराबाहेर काढेल, मी नको तिथे बोलेन, आणि तुझे मित्र बघतील. तसं असेल तर ती लाज तिथेच गाडून टाक. आमच्या बेटाला जिथे दार उघडतं तिथे आम्हालाही उघडलं पाहिजे.

आम्ही येतोय. काका, काकू, मी आणि पिंटू. पिकअपच्या मागच्या फळ्या काढल्या आहेत. पूल लांब आहे, थोडा बाहेर येईल, म्हणून पिंटूने लाल फडकं आणि जाड दोर घेतला आहे. तुमची चाचणी झाली की चढवायचा आणि निघायचं.

काकूने तुझ्यासाठी मोहाचे लाडू केले आहेत. मित्रांना लपवून खाऊ नकोस.

दीपिकाबाई


वेडमटोला
१९ मे २०२५

चंदन सडमेक,

तू जिन्यापर्यंत मागे धावलास. मी वळले नाही. तिथे बोलले असते तर तुझी ती इमारत हादरली असती, आणि मला काकूला आधी घरी न्यायचं होतं. आता लिहिते.

आम्हाला मागच्या रांगेत बसवलं. समोर लोखंडी चौकटीत आपला पूल, दोन टोकांवर टेकवलेला, वर यंत्राचा जाड दांडा. काकू म्हणाली, "केवढा गुळगुळीत केला हो पोट्ट्यानं." तिने पदराने डोळे टिपले. मग एक मुलगी माइकवर आकडे वाचू लागली आणि तो दांडा खाली दाबू लागला. मी काकाला सांगितलं, किती माणसं पेलतो ते बघतात. काका खूश झाला. म्हणाला, "बघू दे. आपलं गाव जाडं नाई."

मग आतून आवाज आला. वाळल्या काडीवर पाय पडावा तसा. आकडे थांबले नाहीत. पुन्हा आवाज. काचेच्या कापडाखाली पांढरा डाग पसरला. काका उठला आणि ओरडला, "अरे थांबवा, बंद करा मशीन! पूल मोडून राह्यला!"

पुढची सगळी मुलं मागे वळली. कोणी हसलं. ते हसू मी माफ केलं. त्या लेकरांना काय माहीत? पण तू काकाकडे पाहिलंस, चंदन. तुझी नजर काकाच्या नजरेला भिडली. आणि तू पुन्हा संगणकाच्या पडद्यावरच्या रेघेकडे वळलास.

पूल मधोमध फाटला. थर पुस्तकाच्या पानांसारखे उलगडले. आणि टाळ्या वाजल्या! तुझे सर म्हणाले, "अगदी सांगितलं तिथेच मोडला, शाबास." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांत दोन हात तुझे होते. मी पाहिले. काकूनेही पाहिले. तिला वाटलं टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून तिने पण दोनदा वाजवल्या, आणि मग मला विचारलं, "आता जोडतीन काय?"

या प्रश्नाचं उत्तर तुझ्या कोणत्या गणितात आहे ते मला सांग.

इतकी वर्षं मी व्यासपीठांवरून बोलले की आमचं जंगल नेलं, आमची जमीन नेली, आमचं पाणी नेलं. नेणाऱ्यांना मी ओळखते. ते गाडीतून येतात, कागद आणतात, त्यांच्याशी कसं भांडायचं हे मी या गावाला शिकवलं. तू आमच्याच चटईवर वाढलास, काकूच्या ताटात जेवलास आणि पूल म्हणालास. तुझ्याशी भांडायची तयारी आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. बाहेरचा लुटतो तेव्हा गाव एक होतं. घरातला लुटतो तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो की यालाही माहीत होतं का! काल पिंटूच्या बायकोने मला सरळ विचारलं, "दीपिकाबाई, तुमाले ठाऊक होतं ना?" बेट मागताना मी बोलले होते, चंदन. माझ्या तोंडून तू ते बेट तोडलंस.

तुला हे कधीपासून माहीत होतं?

दीपिका


विद्यापीठ वसतिगृह
१ जून २०२५

बाई,

पहिल्या दिवसापासून.

अभ्यासक्रमातच आहे. रचना करायची, ती कुठे आणि किती भाराला मोडेल ते आधी सांगायचं, आणि मग मोडून पाहायचं. मोडल्याशिवाय गणित खरं होतं की नाही हे कळत नाही. जगातला प्रत्येक सुरक्षित पूल कुठेतरी मोडलेल्या एका पुलावर उभा असतो. तू इतकं वाचतेस, एवढं तुला कळायला हवं.

मी "पूल आपल्या नाल्यावर ठेवीन" असं कुठेही लिहिलेलं नाही. माझी पत्रं काढून बघ. मी मापाचा म्हणालो. बाकीचं तू सभेत म्हणालीस.

हे लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. पण राहू देतो, कारण चार महिने मी स्वतःला हेच सांगत होतो.

आता राहिलेलंही ऐक. गटाला बाजारातला बांबू चालला असता. आदेशच्या मामाची वखार आहे. मीच म्हणालो, माझ्या गावात याहून चांगला आहे. या वर्गात मी सगळ्यांच्या मागे बसणारा, इंग्रजी अडखळत बोलणारा, राखीव जागेवर आलेला. हे शेवटचं ते तोंडावर म्हणत नाहीत, पण गट पाडताना दिसतं. माझ्याकडे दुसऱ्या कोणाकडे नाही असं एकच होतं, ते बेट. बांबू आला त्या दिवशी मी प्रमुख झालो. पाये बांधल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा साचा अर्धा भरला होता. सांगितलं असतं तर तुम्ही ट्रक घेऊन आला असता.

काकांकडे पाहून मी पुन्हा पडद्याकडे वळलो, कारण त्या क्षणी मी उठलो असतो तर मी पुन्हा मागच्या बाकावरचा झालो असतो. एवढंच कारण होतं.

सर म्हणतात, निकाल इतका चांगला आहे की यावर पुढे काम होईल. खरा पूलही होईल. दुसरा करू. पुढच्या पावसापर्यंत नक्की. पण त्याला बांबू लागेल आणि ग्रामसभेची संमती. मी १२ जुलैला येतो, सगळ्यांसमोर उभा राहतो, समजावून सांगतो. तू फक्त सभा बोलाव. माझ्या बाजूने बोलू नकोस, पण सभा बोलाव.

आईने टाळी वाजवली हे तू लिहायला नको होतंस.

चंदन


वेडमटोला
३० जून २०२५

चंदन,

सभा बोलावली. तू येण्याआधीच, कारण तुझ्या तोंडाकडे पाहून ठरवायचं नव्हतं. तुझं पत्र जसंच्या तसं वाचलं. मागच्या बाकाचं मी दोनदा वाचलं. ते खरं आहे हे मला कळतं. त्या बाकावर मीही बसलेली आहे. पण त्या बाकावरून उठायला तू ज्यांच्या खांद्यावर पाय दिलास, ते कोण होते?

पुलाच्या प्रश्नाला पहिला जंगूकाकाच बोलला. "त्याचा पूल नाई पायजे असं मी म्हणत नाई. पूल कोणाचाबी चालते. पण गावाचा पोट्टा म्हणून त्यानं गावाले काई मागाचं नाई. साहेब येते तसा यावं, कागद द्यावा, आपण वाचू, इचारू, मंग सांगू."

म्हणजे दुसरा बांबू, दुसरा पूल, जे काय असेल ते, तू बाहेरच्या माणसासारखं मागायचं. आम्ही तुझ्यावर बाहेरच्या माणसाइतकाच विश्वास ठेवू, आणि तितकेच प्रश्न विचारू. एकेक घर हो म्हणत गेलं. मी पण हो म्हटलं. शेवटी तुझी आई उरली.

आपल्याकडे एकाने जरी नाही म्हटलं तरी ठराव पडतो. सगळे तिच्याकडे वळले. बाहेर पावसाची झड लागलेली होती. पिंटू हळूच म्हणाला, "काकू, तुमी नाई म्हणा. आमी समजून घेऊ."

काकू उठून उभी राहिली. सभेत ती आजवर कधी उभी राहिलेली नाही. म्हणाली, "पोट्टा माहा हाये. तो माह्या घरी येईन, जेवन, झोपन. त्याले कोणी काई बोलाचं नाई." मग पदर खोचत, "पण बेट माह्या एकटीचं नाई. मी हो म्हणतो."

ठराव झाला. मी आयुष्यात शेकडो ठराव मांडले आहेत. घरी आल्यावर इतकं कधी रडले नव्हते.

आता १२ तारखेचं. यायचं असेल तर ये. सभा तुझ्यासाठी पुन्हा भरणार नाही. अहेरीहून येणारी शेवटची बस तुला पलीकडच्या काठाला सोडेल. शाळा सुरू झाली तशी काकू पुन्हा रोज नाल्यातून जाते. परवा पाणी कमरेच्या वर होतं. तिने आत्ताच सांगून ठेवलंय की तू येशील त्या दिवशी ती संध्याकाळी परत यायची नाही, शाळेच्या आवारातही थांबायची नाही, पलीकडे रस्त्यावर उभी राहील आणि तुला हाताला धरून नाला पार करून आणेल. तू शहरात राहून पाणी विसरलास, असं तिला वाटतं. मी खूप सांगितलं. ऐकत नाही.

येणार नसशील तर आधी कळव. पूर असला तरी ती जाऊन उभी राहील.

दीपिका